सांगून सोडलेला हात

दत्तू अण्णा, तू मला फसवलंस.

हे कुणीतरी तुला सांगायला हवं. गेले सतरा दिवस सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतायत की ऐकून तुलाच प्रश्न पडला असता, हा कोण दत्तू? आपल्या बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या सोसायटीत, पूलच्या दारापाशी, जिथे अंघोळ करून मगच पाण्यात उतरा अशी पाटी होती, तिच्यावर आता तुझा फोटो आहे. मोगऱ्याचा हार. खाली एक ओळ कन्नडमध्ये, एक इंग्रजीत. कन्नड मला वाचता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. इंग्रजी ओळ म्हणते, मित्राला वाचवताना प्राण दिले.

तो मित्र मी.

लोक फोटोला नमस्कार करतात आणि मग वळून माझ्याकडे बघतात. फोटोकडे बघताना त्यांचे डोळे ओले असतात. माझ्याकडे बघताना त्यांत एक सभ्य प्रश्न असतो, की तो गेला आणि हा राहिला, हे असं कसं? मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, दुःख आहे. दुःख आहेच. पण मान खाली घालायचं कारण वेगळं आहे.

आजवर माझी एकही फजिती मी चार माणसांत सांगितल्याशिवाय सोडलेली नाही. ही एकच मी कुणाला सांगितलेली नाही. उद्या रविवार, पूल उद्या पुन्हा उघडतोय, आणि तुझ्या मैथिलीचा निरोप आलाय : 'काका, उद्या सातला पूलवर ये. बाबांचं काय झालं ते मला ऐकायचंय. गोष्ट करून सांगू नकोस.' वीस वर्षांची पोर, पण निरोपातला टोमणा थेट तुझा. तिला काय सांगायचं, किती सांगायचं, ते मला ठरवता येत नाहीये. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेतो. तू मधे बोलणार नाहीस, ही सोय पहिल्यांदाच मिळतेय आणि ती मला मुळीच आवडलेली नाही.

चार वर्षांपूर्वीचा तो पहिला रविवार आठव. मी बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायचं ठरवलं होतं, कारण डॉक्टरनी पोटाकडे बघून उसासा टाकला होता. तू सोसायटीतल्या न पोहणाऱ्यांची बॅच घ्यायचास, फुकट. मी नवा गॉगल, नवी टोपी, नाकाला चिमटा असा सगळा सरंजाम लावून पाण्यात उतरलो, पाय घसरला आणि 'वाचवा' म्हणून ओरडलो. तू काठावर कॉफी पीत बसला होतास. उठलासुद्धा नाहीस. म्हणालास, "उभा राहा."

उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं. पलीकडच्या पायरीवर दोन लहान मुली होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पुण्याचे का?" तू विचारलंस.

"हो. कसं ओळखलंत?"

"ओरडताना पण शुद्ध बोललात."

महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि दुसऱ्या महिन्यात तू मला पहिल्यांदा फसवलंस. उताणं पडायला शिकवत होतास. पाठीखाली तुझा हात. मी आभाळाकडे बघत म्हणत होतो, "अण्णा, धरलंयस ना?" आणि तू म्हणत होतास, "धरलंय रे, कशाला सुम्ने, उगाच घाबरतो." मग तुझा आवाज जरा लांबून आला. मान वळवली तर तू चार हातांवर उभा, दोन्ही हात कमरेवर. मी लगेच बुडालो. तोपर्यंत बुडत नव्हतो, कळल्यावर बुडालो.

खोकत खोकत मी म्हणालो, "विश्वासघातकी माणूस आहेस. सोडताना सांगायला काय होतं?"

"सांगितलं की तू बुडणार. न सांगता सोडलं, तर तरंगलास."

"ते मला माहीत नाही. सोडताना सांगायचं."

"बरं बाबा. पुढच्या वेळी सांगून सोडीन."

पुढच्या वेळीही सांगितलं नाहीस. त्याच्या पुढच्याही. हे भांडण चार वर्षं चाललं. मैथिली तर नऊ वर्षांची असताना याच कारणावरून पाण्याबाहेर पडली होती ती परत उतरलीच नाही. साऱ्या सोसायटीला पोहायला शिकवणाऱ्या माणसाची मुलगी काठावर पाय सोडून पुस्तक वाचत बसायची. तिची आई, शारदा अक्का म्हणायच्या, "बापाचा हात आहे की नाही ते कळत नाही म्हणते, मग कशी उतरेल?" तू हसायचास. मला वाटतं तुला ते लागायचं.

मी चार वर्षांत एवढंच शिकलो. उताणं पडणं. हात मारायला लागलो की दिशा चुकायची, पाय मारायला लागलो की श्वास. पण पाठीवर मी तासभर पडून राहायचो. "मढ्यासारखा तरंगतोस," तू म्हणायचास. "हे पोहणं नव्हे. पोहणं म्हणजे काठाकडे जाणं."

तुझं सगळं शास्त्र विहिरीचं. आजोळ होसूर रस्त्याला, तिथल्या विहिरीत मामानं तुझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं होतं. आता तिथे विहीरही नाही आणि मामाही नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाचा एक खांब आहे, आणि त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक वेळी तू गाडीची काच खाली करून म्हणायचास, "हा. याच्या खाली मी शिकलो." दर वेळी वेगळा खांब दाखवायचास, ते मी बोललो नाही. मामानं तुला दोन नियम दिले होते, आणि ते तू आम्हा सगळ्यांकडून पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचास. एक, काठ कुठे पळून जात नाही, दिसला की सरळ त्याच्याकडे जायचं. दुसरा, बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायची नाही. दोरी टाका, ट्यूब टाका, लुंगी सोडून टाका, काहीच नसेल तर शिव्या घाला, पण स्वतः जायचं नाही. एकाच्या जागी दोन जातात.

हा दुसरा नियम तू मोडलास. पहिला मोडला असतास तर आज इथे असतास.

आता कारवारच्या बाजूच्या त्या किनाऱ्यावर येतो. आपली नऊ जणांची बॅच सहलीला गेली होती. अक्कांचा गुडघा दुखत होता, मैथिलीची परीक्षा होती, म्हणून त्या दोघी मागे राहिल्या. सकाळी नऊचा सुमार. बाकीचे सात जण रस्त्यापलीकडच्या हॉटेलात नाश्त्याला बसले होते, तू कॉफी संपवत होतास, आणि मी पुढे आलो. जागा मी निवडली, अण्णा. हे आधी कबूल करतो.

डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या. पांढऱ्या, धपाधप आवाज करणाऱ्या. मला लाटांची भीती. पण दोन्हींच्या मधे वीसेक पावलं रुंदीचा एक पट्टा अगदी गप्प होता. गडद पाणी, वर थोडा फेस, लाट म्हणून नाही. एवढ्या दंगलीत समुद्रानं एक कोपरा आमच्यासारख्यांसाठी राखून ठेवलाय, असं वाटलं, जशी बसमध्ये अपंगांची जागा असते तशी. मी स्वतःवर खूश झालो.

तेच दार होतं. हे नंतर कळलं, म्हणजे नको तेव्हा. लाटा एवढं पाणी किनाऱ्यावर आणून ओततात, ते परत कुठून तरी जायला हवं. ते अशाच एका खोलगट वाटेनं, एकवटून, वेगानं परत जातं. तिथे तळ खोल असतो म्हणून लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून आपल्याला ते शांत वाटतं. लाटांना घाबरणारा माणूस शोधत शोधत बरोबर त्याच जागी उतरतो. समुद्रानं असं फसवावं याचा मला राग नाही. तो माझा कोण? पण इतकी वर्षं आपण लहान मुलांना सांगत आलो की मोठ्या लाटेत जाऊ नकोस, तिकडे शांत आहे तिकडे खेळ.

तू टॉवेल खांद्यावर टाकून आलास. तुझ्याशी दोन शब्द बोलून मी पाण्यात शिरलो. पाठीवर पडलो, कान पाण्यात, डोळे मिटलेले, आणि तरंगू लागलो. अण्णा, इतकं सुरेख मी कधीच तरंगलो नव्हतो. पाणी मला आपणहून घेऊन चाललं होतं. मला वाटलं, चार वर्षांनी अखेर जमलं.

डोळे उघडले तेव्हा तू माझ्या शेजारी होतास, धापा टाकत, आणि किनारा एवढासा.

"मुकुंदा, हलू नको," म्हणालास, आणि पाठीखाली तुझा हात आला. तोच हात. मला खरंच वाटलं, झालं, आता अण्णा म्हणेल उभा राहा.

तू काखेत हात घालून मला ओढू लागलास. सरळ, काठाकडे. किती वेळ ते सांगता येत नाही. हॉटेलचं निळं छप्पर समोर होतं आणि ते मोठं होत नव्हतं. तुझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"अण्णा, थांब. स्वल्प पडून राहू."

"पडून राहून काय? काठ समोर दिसतोय."

"दिसतोय पण येत नाहीये."

"तू ओझं आहेस म्हणून येत नाहीये," तू म्हणालास, आणि त्या अवस्थेतही हसलास. मग थांबलास. म्हणालास, "असं कर. तू तुझा मढ्यासारखा पड. तेवढं तुला येतं. मी जातो, ट्यूब घेऊन येतो."

"मला सोडून जाऊ नकोस."

"आलोच रे. हात सोडतोय हां."

आणि सोडलास.

चार वर्षं मी ज्यासाठी भांडलो ते तू तिथे केलंस. सांगून सोडलास. आणि तुझ्या शास्त्राप्रमाणे मी बुडायला हवं होतं. बुडलो नाही, कारण दुसरं काही येतच नव्हतं. पडून राहिलो. ते पाणी कुणाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतं, आणि लाटांच्या पलीकडे गेलं की त्याचाच दम संपतो. मला त्यानं तिथवर नेलं आणि कंटाळून सोडून दिलं. तू मात्र पोहत होतास. तुझी पिवळी टोपी दिसत होती. काय हात मारत होतास, अण्णा. विहिरीतल्या मुलासारखे, मोजून, सुंदर. आणि होतास तिथेच. जिममधल्या पळणाऱ्या पट्ट्यावर माणूस धावतो तसा. दहा-पंधरा हात आडवा गेला असतास, किनाऱ्याला समांतर, तर त्या पट्ट्यातून बाहेर पडला असतास आणि लाटांनीच तुला काठावर नेऊन टाकलं असतं. मी ओरडत होतो ते फक्त तुझं नाव. आडवं जा हे मला कुठे ठाऊक होतं?

मग टोपी दिसेनाशी झाली.

मला वाचवलं कुणी, तर माझ्या ढपणानं आणि एका होडीवाल्यानं. तू वाचवलं नाहीस. ज्याला पोहता येत होतं तो गेला, आणि ज्याला येत नव्हतं तो तुझ्या फोटोखालच्या ओळीत जाऊन बसला. मी चिडलोय तो यासाठी. नियम तू शिकवलास, तूच मोडलास, आलोच म्हणालास आणि आला नाहीस. अशी दोन वचनं एका सकाळी मोडणाऱ्या माणसाला लोक हार घालतायत.

इथपर्यंतची गोष्ट मला मैथिलीला सांगता येईल. रडत, थोडं हसवत, जमेल. पुढचं सांगता येत नाही.

माझ्या गॅलरीचा रंग आठवतो? पोपटी. रंगाऱ्यानं कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं होतं आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो होतो, "सरी सरी." संध्याकाळी घरी आलो तर गॅलरी पोपटी. तू खाली उभा राहून इतका हसला होतास की वॉचमन धावत आला. अकरा वर्षं बेंगळुरूत राहून माझं कन्नड चार शब्दांचं. स्वल्प, सरी, बेड, एष्टु. थोडं, ठीक, नको, केवढ्याला. तू म्हणायचास, "तुझा सरी म्हणजे कागद न वाचता उठवलेला अंगठा आहे. एक दिवस घर लिहून देशील."

त्या दिवशी तू यायच्या आधी, मी त्या शांत पाण्याकडे बघत उभा असताना, एक होडीवाला लांबून ओरडत आला होता. साठीचा, काटकुळा. हातानं काही दाखवत होता. मी हात हलवला आणि म्हणालो, "सरी सरी अण्णा." तो आणखी काही बोलला. मी पुन्हा म्हणालो, सरी. तो थांबला, मान हलवली आणि आपल्या जाळ्याकडे गेला. आणि नेमका तेव्हा तू आलास.

"काय म्हणत होता रे तो?"

मी म्हणायला हवं होतं, कळलं नाही. तीन सेकंदांचं काम. तू चार टोमणे मारले असतेस, त्याला हाक मारली असतीस, तुझ्या घरच्या कन्नडमध्ये विचारलं असतंस. पण सकाळी सकाळी तुझ्याकडून पुन्हा पोपटी गॅलरी ऐकायची मला इच्छा नव्हती. मी म्हणालो, "काही नाही. पाणी छान आहे म्हणतो."

तू भुवया उडवल्यास. "कळलं तुला? वा. शिकलास की."

आणि विश्वास ठेवलास.

अजून एक सांगतो, मग संपलं. काहीच कळलं नाही असं म्हणायचीही मला सोय नाही. त्याच्या बोलण्यात 'बेड' होतं. दोनदा. माझ्या चार शब्दांतला एक. तो काहीतरी नको म्हणतोय एवढं मला कळलं होतं.

नंतर वाळूवर मला बसवून तोच माणूस हातानं दाखवत होता : पाणी असं येतं, असं, असं, आणि इथून जातं. शब्द एक कळला नाही, सगळं कळलं. शेवटी त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "सरी अंदरल्ला." सरी म्हणालात ना तुम्ही. रागानं नाही म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं.

तर फसवलं कुणी कुणाला, हे तू ठरव.

*

आज रविवार, दुपार झालीय.

सातला गेलो. मैथिली आधीच येऊन बसली होती, पाय पाण्यात सोडून. पुस्तक नव्हतं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, तुला सांगितलं तेवढंच, तुला सांगितलं त्याच क्रमानं. गोष्ट करून नाही सांगितलं. हसवण्याच्या दोन जागा आल्या, त्या गाळल्या.

तिनं माझ्या गॅलरीकडे बघितलं. पूलमधून ती अगदी समोर दिसते.

"बाबांना कन्नड येत होतं," ती म्हणाली. "त्यांनी त्याला स्वतः का नाही विचारलं?"

"मी सांगितलं म्हणून."

"इतर कशाबाबत ते तुझ्यावर विश्वास ठेवत नव्हते. दूध आणायला पण यादी लिहून द्यायचे."

"हो."

"मग हेच कसं खरं मानलं?"

उत्तर तिनंच दिलं, पाण्याकडे बघत. "खूश झाले असतील. तुला कन्नड आलं म्हणून."

अण्णा, या अठरा दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा रडलो. तिनं रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

"मी यापुढे तुझ्याशी बोलेन की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "आईला तूच सांगायचंस. आज. वर कॉफी ठेवलीय तिनं. आणि फोटोखालची ओळ बदलायची."

"काय लिहायचं?"

"शांत पाण्यात उतरू नका, असं काहीतरी. अडकलात तर भांडू नका, तरंगा, आणि आडवे या. बाबांचा फोटो राहू दे. लोक निदान वाचतील." मग उठली, ओढणी काढून बाकावर ठेवली. "आता उताणं पडायला शिकव. तुला तेवढंच येतं ना."

अकरा वर्षांनी तुझी मुलगी पाण्यात उतरली. मी पाठीखाली हात ठेवला, तू ठेवायचास तसा, तळवा सपाट.

"सोडताना सांगशील ना?"

"सांगेन."

ती पडून राहिली. आधी मान ताठ, मग कान पाण्यात गेले, मग खांदे सैल झाले. बॅचमधले बाकीचे हळूहळू बाहेर पडले, वॉचमननं वेळ संपल्याची शिट्टी वाजवली, वरून शारदा अक्कांनी हाक मारली की कॉफी निवतेय. मैथिलीचं ओझं माझ्या हातावरून केव्हाच उतरलं होतं, अण्णा. ती आपली आपण तरंगत होती. मला ते कळत होतं.

मी तिला सांगितलं नाही. हातही काढला नाही.